दोन नळांचे घर

इंदुरास आमच्याकडे पुण्या-मुंबईकडचा पाहुणा उतरला की त्याचे सामान कोपऱ्यात ठेवण्यापूर्वीच त्यास एक धडा द्यावा लागतो. मोरीत दोन नळ आहेत. डावीकडचा नर्मदेचा, उजवीकडचा बोरिंगचा. पिण्यास, चहास, डाळीस आणि डोक्यावरून न्हाण्यास डावा. हातपाय धुण्यास, फरशी पुसण्यास आणि बाकीच्या कामांस उजवा. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड थोडा वेळ येते, ते हौदात साठवून पुरवून वापरायचे. बोरिंगचे मात्र मोटारीची कळ दाबली की केव्हाही हजर. पाहुणा हसतो आणि म्हणतो, “म्हणजे एक सोवळ्याचा नळ आणि एक ओवळ्याचा!” आम्हीही हसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत उजव्या नळाखाली डोके धुऊन तो बाहेर येतो, केसांचा काथ्या झालेला असतो, साबण अंगावरून निघाला की नाही याची त्यास शंका असते, आणि मग तो हसत नाही.

हा दोन नळांचा संसार एकट्या आमचा नव्हे. शहराच्या अनेक वसाहतींत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल. बोरिंगच्या पाण्याची ओळख पटण्यास प्रयोगशाळा लागत नाही. देव्हाऱ्यातील समई लख्ख घासून, धुऊन उन्हात ठेवावी, तर वाळता वाळता प्रत्येक थेंब आपली पांढरी टिकली मागे ठेवून जातो. मोरीतल्या काळ्या फरशीवर कुणी ताक सांडले असावे असा डाग पसरतो आणि तो घासून निघत नाही. नळाच्या तोंडाशी खडीसाखरेसारखे खवले धरतात. पाणी तापविण्याच्या सळईवर शंखाच्या पाठीसारखा कठीण थर चढतो. वीज तितकीच जळते, पाणी मात्र कोमटच राहते. पांढरे सदरे चार धुण्यांत पिवळट होतात आणि टॉवेल इतका ताठ वाळतो की तो खुंटीस न अडकवता भिंतीस टेकवून उभा करावा असे वाटते.

आपल्या भाषेस या पाण्याची ओळख फार जुनी आहे. गोडे पाणी, खारे पाणी, जड पाणी, हलके पाणी, मचूळ पाणी, असे किती भेद आपल्या आज्या-पणज्या नुसत्या जिभेने करीत असत! पुस्तकात ज्यास ‘कठीण पाणी’ म्हणतात त्यास घरात कुणी तसे म्हणत नाही. इंदुरात त्यास सरसकट ‘खारे’ म्हणतात. परंतु ते खारट असतेच असे नाही. खारटपणा मिठाचा, आणि हा कठीणपणा चुन्याचा व त्याच्या भाऊबंदांचा. दोन्ही एकाच विहिरीत नांदू शकतात, पण ते एक नव्हेत. डाळ शिजू न देणारा व साबणास फेस येऊ न देणारा जो आहे तो चुना.

हा चुना येतो कोठून, हे समजण्यास आपण कोणत्या भूमीवर घर बांधले आहे ते पाहिले पाहिजे. माळव्याचे पठार म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा काळा खडक. आपल्या सह्याद्रीचा आणि या पठाराचा दगड एकाच कुळीचा. त्या दगडाच्या घडणीतच चुना व मॅग्नेशियम आहे. त्याची झीज होऊन काळी माती झाली. तीत पांढरे चुनखडीचे खडे सापडतात, त्यांस इकडे कंकर म्हणतात. पावसाचे पाणी आकाशातून येते तेव्हा ते मऊच असते. मातीत मुरताना मुळांनी व कुजलेल्या पाल्याने सोडलेला कार्बनी वायू ते पोटात घेते, किंचित आंबट होते आणि त्या आंबटपणाच्या बळावर खडकातील चुना विरघळवीत खाली जाते. जितके खोल आणि जितका दीर्घकाळ मुरलेले, तितके बहुधा ते अधिक जड. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. माळव्यातील कित्येक बोरिंगे पहिली रेघ सहज ओलांडतात.

असे असूनही इंदूर शतकभर आपल्याच भूमीचे पाणी पीत होते. वाड्यावाड्यांत विहिरी होत्या, पेठांत बावड्या होत्या, गावाबाहेर तलाव होते. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूर दरबारास नगररचनेचा जो दोन खंडांचा अहवाल सादर केला त्यात खान व सरस्वती या नद्यांचा विचार शहराच्या आरोग्याशी जोडूनच केलेला आहे. पुढे यशवंतराव होळकर यांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, गंभीर नदीवर यशवंत सागर झाला आणि नळाचे पाणी शहरभर पोहोचू लागले. परंतु गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली, आणि उन्हाळ्यात नळांस कोरड पडू लागली. अखेर १९७० च्या जुलै-ऑगस्टात विद्यार्थी, कामगार, व्यापारी, गृहिणी असे सारे इंदूर नर्मदेचे पाणी आणा म्हणून रस्त्यावर उतरले. ते आंदोलन यशस्वी झाले, आणि १९७८ साली नर्मदा विंध्य चढून इंदुरास आली.

‘चढून’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजलेला नाही. मंडलेश्वराजवळ नर्मदेचे पात्र समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आसपास. इंदूर साडेपाचशेच्या आसपास. आणि दोहोंमध्ये विंध्याचा माथा इंदुराहूनही उंच. सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरील जलूद येथून पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने घाटमाथ्यावर चढवायचे आणि तेथून उताराने शहरात आणायचे, असा हा व्यवहार आहे. आपल्या पेल्यातील घोटाघोटामागे विजेचा केवढा खर्च आहे, हे पाणी पिताना कुणाच्या मनातही येत नाही.

ते पाणी प्रथम आले तेव्हा आम्ही सात-आठ वर्षांचे होतो. आमच्या घरच्या इतिहासात त्या वर्षाची नोंद एका वेगळ्याच कारणाने झाली. आमची आई रत्नागिरीकडची. जांभ्या दगडाच्या विहिरीचे मऊ पाणी पीत ती वाढली होती. १९६६ साली लग्न होऊन ती इंदुरास आली आणि पहिल्याच आठवड्यात तिचे वरण बिघडले. डाळ खाली, पाणी वर. दाणा शिजलेला दिसे, परंतु बोटाने चेपला की आत कणी लागे. वाड्याच्या विहिरीचे पाणी कोकणातल्यासारखे नाही, हे कोणाच्या ध्यानी येणार? आजी मायाळू होती, परंतु स्वयंपाकाच्या बाबतीत कडक होती. “सूनबाईंना अजून डाळ शिजवायची युक्ती साधली नाही,” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगे. आई पहाटे उठून डाळ भिजत घाली, चिमूटभर सोडा घाली, निखाऱ्यावर तासभर अधिक ठेवी. बारा वर्षे हे चालले. मग नर्मदेचे पाणी आले, आणि त्या आठवड्यात वरण लोण्यासारखे एकजीव झाले. आजीने भुरका मारला आणि प्रसन्न होऊन म्हटले, “आता बसला हो तुझा हात!”

ही गोष्ट आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे विनोद म्हणून सांगितली जात असे, आणि आम्हीही ती तशीच सांगत असू. तिच्यातला विनोद कोणावर आहे याचा विचार आम्ही कधी केला नाही. तो करण्याची पाळी फार उशिरा आली, आणि ती आम्हांस आमच्याच चुकीने आली.

आमची शाळा शहराबाहेर, देपालपूरच्या वाटेवरील एका खेड्यात आहे. दुपारचे भोजन शाळेतच शिजते. ते करणाऱ्या बाईंना सारे गाव ‘काकी’ म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. काकी गेली सात वर्षे हे काम करीत होत्या आणि त्यांच्या डाळीविषयी कधी कुणाचे गाऱ्हाणे नव्हते. तेव्हा पाणी गावतळ्याकाठच्या उथळ विहिरीतून येत असे. पुढे उन्हाळ्यात ती विहीर आटू लागली, म्हणून शाळेच्या आवारात खोल बोरिंग झाले. मोटार बसली, टाकी चढली, मुलांची वणवण थांबली. आम्ही नारळ फोडला. त्यानंतर काही दिवसांतच डाळ कच्ची राहू लागली.

मुलांनी ताटात डाळ टाकण्यास आरंभ केला. पालक बोलू लागले. एके दिवशी तपासणीस साहेब आले, त्यांनी वाटीत चमचा फिरविला आणि आमच्याकडे पाहिले. ते गेल्यावर आम्ही काकींना ओसरीवर बोलाविले. त्या एवढेच म्हणाल्या, “माट्साब, इस पानी में दाल गलती नहीं।” आणि आम्ही, एम.ए. मराठी, तीस वर्षे मुलांना म्हणी शिकविणारे, सगळ्या मुलांदेखत त्यांस म्हणालो, “नाच न जाने, आँगन टेढ़ा!” मुले खो-खो हसली. म्हण दोन्ही भाषांत सारखीच असल्याने आमचे काम अधिकच सोपे झाले होते. एवढ्यावर न थांबता आम्ही नोंदवहीत शेरा लिहिला की स्वयंपाकात हयगय होत आहे, सुधारणा न झाल्यास समूहाने दुसरी व्यवस्था करावी. काकींच्या घरात तो महिन्याचा तुटपुंजा मेहनताना किती महत्त्वाचा होता, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही आम्ही लिहिले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत आठवीच्या मुलांची सहल मंडलेश्वरास न्यायचे ठरले. महूवरून पुढे निघालो की पठार सपाट चाललेले असते. गव्हाची शेते, हरभरा, मधूनच पळसाचे झाड. मग एकाएकी जमीन संपते. तेथे कड्याच्या तोंडाशी जाम दरवाजा उभा आहे. अहिल्याबाईंनी १७९१ साली तो बांधविला. त्या दगडी कमानीत उभे राहून खाली पाहिले की निमाडचे मैदान धुक्यात पसरलेले दिसते आणि वाऱ्याचा झोत अंगावर येतो. माळव्याची थंडी मागे राहते, आणि वळणावळणांनी घाट उतरताना एकेक गरम कपडा अंगावरून निघू लागतो. मुलांना आम्ही सांगितले, “तुमच्या मावशीच्या घरी इंदुरात जे पाणी येते ते हाच कडा चढून येते.” एका मुलीने विचारले, “और अपने गाँव में क्यों नहीं आता, सर?” आम्ही बसच्या खिडकीबाहेर पाहिले. या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मंडलेश्वर हे लहानसे, शांत गाव. मंडनमिश्र व शंकराचार्य यांचा वादविवाद येथेच झाला अशी तिकडे श्रद्धा आहे. पलीकडचे महेश्वर अहिल्याबाईंच्या वास्तव्याने व साड्यांनी जगाच्या तोंडी झाले. मंडलेश्वराच्या घाटावर मात्र अजून गावातलीच माणसे भेटतात. पायऱ्या रुंद व झिजलेल्या. नदीचे पात्र विशाल. हिवाळ्यात पाणी हिरवट निळे, संथ. बायका कपडे धूत होत्या. साबणाचा फेस पायरीवर दाट, पांढराशुभ्र उभा राहत होता आणि एका तांब्याने स्वच्छ वाहून जात होता. आम्ही तो पाहिला, परंतु त्याचा अर्थ त्या क्षणी आम्हांस लागला नाही.

सहलीचे जेवण करण्यासाठी काकी बरोबर होत्या. डाळ शाळेच्याच पोत्यातली, पातेले शाळेचेच, हात काकींचेच. त्यांनी घाटावरून कळशीभर पाणी आणले, तीन दगडांची चूल मांडली, आणि डाळ चढवून पोळ्यांच्या कणकेस लागल्या. पाऊण तास झाला असेल. झाकण काढून त्यांनी पळी फिरविली; डाळ मेणासारखी मऊ झाली होती, दाणा म्हणून शोधून सापडत नव्हता. त्यांनी आम्हांस हाक मारली. पळीतून धार धरून ती पुन्हा पातेल्यात सोडली आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाल्या, “माट्साब, दाल तो वही है।”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलण्याचे काही उरलेही नव्हते. अंगण खरोखरच वाकडे होते, आणि आम्ही नाचणारणीस दोष दिला होता.

जे मुलांदेखत बोललो ते मुलांदेखतच परत घेतले पाहिजे, एवढे तरी मास्तरकीने आम्हांस शिकविले होते. पंगत बसल्यावर आम्ही उभे राहिलो आणि सांगितले की डाळ न शिजण्यात काकींची चूक नव्हती, पाण्याची होती, आणि चूक न पाहता बोललो ती चूक आमची. मुले गप्प झाली. काकी वाढपाची पळी घेऊन उभ्या होत्या, म्हणाल्या, “चलो माट्साब, बच्चे भूखे हैं।” शाळेत परतल्यावर जुन्या शेऱ्याखाली आम्ही दुसरा शेरा लिहिला आणि खाली सही केली. जुना खोडला नाही. तो तेथेच राहावा, असे आम्हांस वाटले.

पुढे विज्ञानाच्या मास्तरांनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखविला. दोन सारख्या बाटल्या. एकीत साठविलेले पावसाचे पाणी, दुसरीत बोरिंगचे. दोहोंत साबणाचा सारखाच कीस घालून हालविले. पहिलीत तोंडापर्यंत फेस. दुसरीत गढूळ दुधासारखे पाणी आणि वर तरंगणारा चोथा. साबण आधी चुन्याशी लढतो, चुना संपला तरच कपड्याच्या मळाकडे वळतो. फुकट गेलेला साबण तोच चोथा होऊन धाग्यात बसतो आणि सदरे पिवळे करतो. डाळीचेही तसेच. तिच्या पेशी एकमेकींस ज्या चिकट द्रव्याने धरून असतात ते शिजताना विरघळले पाहिजे. पाण्यातील चुना त्यास घट्ट आवळून ठेवतो, म्हणून दाणा फुटत नाही. पाण्याचा नमुना तपासून आणला तेव्हा कठीणपणा २०० च्या बराच पलीकडे व ६०० च्या अलीकडे निघाला. म्हणजे पाणी पिण्यास नालायक नव्हते. ते केवळ जड होते.

मंडलेश्वराहून परतलो त्या रात्री आम्ही आईस ही सारी हकीकत सांगितली. आई आता ऐंशी ओलांडून गेली आहे. ती तांदूळ निवडीत बसली होती. आम्ही म्हटले, “आई, तुझं वरण बिघडत होतं ना, ते विहिरीच्या पाण्यानं. हात तुझा पहिल्यापासून बसलेलाच होता.” ती ताटावरून मान वर न करता म्हणाली, “मला ठाऊक होतं रे. माहेरी गेले की तीच डाळ निम्म्या वेळात शिजायची.” आम्ही विचारले, “मग आजीला कधी बोलली का नाहीस?” ती क्षणभर थांबली. “काय बोलणार? पाणी सासरचं होतं.”

आम्हांस त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. काकींनी निदान एकदा तोंड उघडले होते, आणि त्यावर आम्ही म्हण फेकून मारली. आईने बारा वर्षे ते उघडलेच नाही. घराघरांतून असे किती दोष पाण्याचे असतील आणि माथी बायकांच्या लागले असतील! भांडी डागाळली, सून आळशी. सदरे पिवळे पडले, धुणे नीट झाले नाही. डाळ कच्ची राहिली, हाताला चव नाही. पाणी मात्र निर्मळ, पारदर्शक, सर्व आरोपांतून मुक्त. कारण ते दिसावयास स्वच्छ असते.

वाचक भगिनी-बांधवांच्या उपयोगासाठी चार गोष्टी येथे सांगितल्या पाहिजेत. पाणी उकळले की त्यातील चुन्याचा काही भाग तळाशी बसतो. ते निवळून घेतल्यास डाळ बरी शिजते. परंतु सर्वच कठीणपणा उकळून जात नाही. तुरटीने गढूळपणा जातो, कठीणपणा जात नाही. डाळीत सोडा घातल्यास ती लवकर शिजते, पण एक मोलाचे जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून सोड्याची सवय नसावी. डाळ रात्रभर भिजविणे उत्तम. चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावे. आंबटानेही दाणा आखडतो, आणि जड पाण्यात तर दोघे मिळून छळतात. नळाच्या तोंडावरचे व सळईवरचे खवले लिंबाच्या रसाने किंवा सिरक्याने फसफसून सुटतात. जड पाण्याने मुतखडा होतो असे सर्रास बोलले जाते. तसा ठाम पुरावा नाही, उलट त्यातील चुना व मॅग्नेशियम यांचा शरीरास थोडा लाभही होतो. घरोघरी जी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बसली आहेत त्यांतील पडद्याची यंत्रे एक घागर गोडे पाणी देताना त्याहून अधिक पाणी मोरीत सोडतात. ते निदान फरशीस व संडासास वापरावे.

आणखी एक गोष्ट. गोडे पाणी म्हणजे निर्धोक पाणी, असेही मानू नये. २०२५ च्या अखेरीस इंदुरातीलच एका वस्तीत नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो माणसे आजारी पडली, कित्येकांचे प्राण गेले. जड पाणी आपला स्वभाव समईवर, साबणावर, डाळीवर उघड लिहून ठेवते. दूषित पाणी काहीच लिहीत नाही. जे पाणी आपण घेतो ते कोठून येते, कशातून येते, हे विचारण्याचा आळस कोणत्याच नळापाशी परवडणारा नाही.

आमच्या शाळेच्या छपराखाली आता पन्हळी बसविल्या आहेत. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्यायचे, पुढचे गाळून टाकीत घ्यायचे, असा नियम आठवीची मुले पाळतात. ती टाकी केवळ डाळीसाठी आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली काकींच्या कमरेस असते. पाऊसकाळ सरल्यावर काही महिने ती पुरते. ती संपली की काकी आदल्या दिवशी पाणी उकळून निववतात आणि डाळ भिजत घालतात. मधल्या सुट्टीत ताटात डाळ टाकलेली आता क्वचितच दिसते.

घरचे दोन नळ आहेत तेथेच आहेत. पाहुणा आला की धडा अजूनही द्यावा लागतो. फक्त त्यात आम्ही एक वाक्य वाढविले आहे. आमच्याकडे कधी वरण नीट झाले नाही, तर आधी कोणता नळ सोडला होता ते विचारावे; कुणी केले, ते मग.